घरदुरुस्ती : फ्लश टाकी गळते, पण कुठून?

मार्च उजाडला की या सदराकडे फ्लश टाकीच्या तक्रारी वाढतात. टाक्या उन्हाळ्यातच बिघडतात असं नाही. पाणी तीन-चार दिवसांआड यायला लागलं की वर्षभर चाललेली गळती अचानक दिसू लागते. यंदा सगळी पत्रं एकत्र घेतली आहेत, कारण एकाचं उत्तर दुसऱ्याच्या उपयोगाचं आहे.

प्रश्न : पाणी चार दिवसांआड येतं. गच्चीवर ५०० लिटरची टाकी आहे. रात्री भरलेली टाकी सकाळी तळाला लागलेली असते. घरात कुठेही ओल नाही. कमोडजवळ कान दिला तर बारीक आवाज येतो. मिस्तरी म्हणतो, फ्लश टाकीच बदला. बदलू का? (एक वाचक, अमळनेर)

इतक्यात नको. ५०० लिटर पाणी दहा तासांत गेलं म्हणजे मिनिटाला साधारण ८३० मिलिलिटर. ही ठिबक नव्हे, सलग धार आहे. ती कमोडातून सरळ सेप्टिक टँकमध्ये जाते, म्हणून भिंत कोरडी राहते.

फ्लश टाकीत दोन व्हॉल्व्ह असतात आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. एक पाणी आत घेणारा फिल व्हॉल्व्ह. दुकानात ‘इनलेट’ किंवा ‘फ्लोट व्हॉल्व्ह’ म्हटलं तरी हाच देतात. दुसरा मधोमध उभा असतो, बटण दाबलं की उचलला जातो, तो फ्लश व्हॉल्व्ह. पहिला बंद झाला नाही तर पाणी चढत जातं आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून कमोडात सांडतं. दुसऱ्याचं वॉशर नीट बसलं नाही तर पाणी तळातून निसटतं, पातळी उतरते, मग फिल व्हॉल्व्ह पुन्हा उघडतो. आवाज दोन्हीकडे सारखाच, म्हणून कानावर विसंबू नका.

झाकण काढा. टाकी पूर्ण भरू द्या आणि पाणी कुठे थांबतं ते बघा. ओव्हरफ्लो नळीच्या काठावरून आत सांडत असेल तर दोष फिल व्हॉल्व्हचा. पाणी काठाच्या इंचभर खाली असूनही कमोडात ओघळ दिसत असेल तर फ्लश व्हॉल्व्हचा. शंका उरली तर टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा अँगल कॉक बंद करा, पातळीपाशी आतून पेन्सिलची खूण करा आणि अर्धा तास कोणालाही फ्लश करू देऊ नका. पाणी खुणेखाली उतरलं तर तळ गळतोय. खुणेवरच राहिलं आणि कॉक उघडल्यावर चढून सांडायला लागलं तर फिल व्हॉल्व्ह. कपड्याच्या निळीचे चार-पाच थेंब टाकीत सोडले तर तेही चालतं : फ्लश न करता कमोडात निळसर ओघळ आला की तळाचं वॉशर. मात्र ही परीक्षा कॉक बंद ठेवूनच करा. पाणी वरून सांडत असेल तर तेही निळंच दिसणार.

किती वाया जातं तेही या खुणेवरून काढता येतं. टाकीची आतली लांबी ४० सेंमी आणि रुंदी १५ सेंमी असेल तर पातळी १ सेंमी उतरली म्हणजे ६०० मिलिलिटर गेले. तासाला १ सेंमी उतरत असेल तर दिवसाला जवळजवळ साडेचौदा लिटर.

तळाचं वॉशर असेल तर बहुतेक टाक्यांत फ्लश व्हॉल्व्हचा वरचा भाग पाव फेरा फिरवून उचलता येतो. खालची रबरी चकती फडक्याने पुसा, ती जिथे बसते ती कड बोटाने चाचपा. कड खरबरीत लागली तर तिथे क्षार धरलेत. चकती वाकडी किंवा चिकट झाली असेल तर तेवढीच बदला. टाकी बदलण्याचं कारण एकच, ती तडकलेली असणं. तोवर रात्री झोपताना अँगल कॉक बंद करा. पाणी वाचेल आणि मिस्तरीची घाईही राहणार नाही.

प्रश्न : “टाकी भरस, पन पानी बंदच व्हत नही. काय करानं?” भिंतीवरची पांढरी प्लास्टिकची टाकी आहे, आत दांडी आणि गोळा. (शिरपूर)

आधी गोळा दांडीवरून फिरवून काढा आणि कानाशी हलवा. आत पाणी खळखळलं तर गोळ्याला चीर आहे. असा गोळा अर्धवट बुडतो, दांडी पुरती उचलली जात नाही आणि नळी उघडीच राहते. गोळा बदला, काम संपलं.

गोळा कोरडा निघाला तर हाताने दांडी वर उचलून धरा. पाणी थांबलं तर व्हॉल्व्ह ठीक आहे, फक्त दांडीची उंची चुकली आहे. दांडी पितळेची असेल तर दोन्ही हातांनी धरून गोळ्याकडचं टोक थोडं खाली वाकवा. प्लास्टिकच्या दांडीला स्क्रू असतो, तो फिरवा, वाकवायला जाऊ नका. हाताने उचलूनही धार चालूच राहिली तर वॉशर गेलं. कॉक बंद करून दांडीची पिन ओढा, आतला दट्ट्या बाहेर येईल. त्याच्या टोकाशी रबराची टिकली असते आणि तिच्यावर नळीच्या तोंडाचा गोल चर उमटलेला दिसतो. नवी टिकली मिळेपर्यंत तीच उलटी करून बसवा. मागची बाजू कोरी असते, काही महिने निघतात.

गोळा सुतळीने बांधून वर ताणलेला बऱ्याच घरांत दिसतो. त्याने पाणी थांबतं हे खरं, पण मग टाकी अर्धीच भरते, एका फ्लशने भागत नाही आणि दोनदा ओढावं लागतं. वाचलेलं पाणी तिथेच जातं.

प्रश्न : गेल्या दिवाळीत जुना काढून नवा, कपासारख्या फ्लोटचा फिल व्हॉल्व्ह बसवला. चार महिन्यांत पुन्हा पाणी सांडायला लागलं. माल खराब म्हणावा का? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. (जळगाव)

माल खराब असू शकतो, पण बोअर म्हटल्यावर आधी क्षारांवर संशय घ्यावा. आणि इथेच हा व्हॉल्व्ह कसा चालतो हे समजून घेतलं तर पुढचे पैसे वाचतात.

गोळ्याच्या व्हॉल्व्हमध्ये दांडीचा जोर पाण्याला अडवतो. कपाच्या व्हॉल्व्हमध्ये पाणीच पाण्याला अडवतं. वरच्या टोपीत एक पातळ रबरी पडदा असतो, त्याला टाचणीएवढं भोक असतं. काही व्हॉल्व्हमध्ये त्या भोकातून बारीक काडीही जाते. या भोकातून थोडं पाणी पडद्याच्या मागच्या कप्प्यात जातं. टाकी भरताना तिथून ते वरच्या दुसऱ्या छिद्राने निसटून जातं. कप वर आला की त्याला जोडलेली कळ ते वरचं छिद्र बंद करते. मग मागच्या कप्प्यात दाब साठतो आणि पडदा नळीच्या तोंडावर घट्ट दाबला जातो. आता पडद्याचं भोक बुजलं तर मागे दाबच तयार होत नाही. वरच्या छिद्राशी खडा अडकला तर तयार झालेला दाब निसटतो. दोन्ही वेळी फ्लोट अगदी व्यवस्थित वर आलेला दिसतो आणि पाणी मात्र चालूच. म्हणून फ्लोटचा स्क्रू कितीही फिरवला तरी उपयोग होत नाही.

उघडायला पाच मिनिटं लागतात. कॉक बंद करा, एकदा फ्लश करा. कपाची काडी कळीपासून सोडवा. एका हाताने व्हॉल्व्हची दांडी घट्ट धरून दुसऱ्याने टोपी उलटी फिरवा. बहुतेक टोप्या पाव फेऱ्यात निघतात, काहींना आटे असतात. पडदा उचलण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, कारण तो उलटा बसला की मुळीच बंद होणार नाही. बोअरच्या पाण्याचा पडदा हातात घेतला की ओळखू येतो : काळ्या रबरावर पांढरी पापडी, कडेला लालसर गाळ आणि कधी भोकापाशी दादर ज्वारीच्या दाण्याएवढा खडा.

लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व विरघळवा. पडदा आणि टोपी त्यात तासभर ठेवा, मग जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासा. भोक मोकळं करायला झाडूची काडी वापरा. सुई नको, भोक मोठं झालं तर व्हॉल्व्हची चाल बिघडते. संडास धुण्याचं अॅसिड या कामाला लावू नका. पापडी निघेल, पण रबर आणि धातूच्या पिना त्यासोबत जातात. टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या वड्यांनीही रबर फुगतं आणि कडक होतं, त्या टाळा.

पडदा परत बसवण्याआधी उघड्या व्हॉल्व्हवर स्टीलचा पेला पालथा धरा आणि कॉक अर्धा उघडून पाच-सात सेकंद पाणी जाऊ द्या. नळीत बसलेली वाळू बाहेर येते. हे केलं नाही तर तोच खडा धुतलेल्या पडद्याखाली जाऊन बसतो आणि सगळे ‘माल खराब’ म्हणायला मोकळे. रबर कडक झालेलं किंवा भोकापाशी फाटलेलं असेल तर दुकानात सुटा पडदा मिळतो का ते विचारा. बऱ्याच कंपन्यांचा मिळतो, पण नमुना सोबत न्या, कारण आकार एकमेकांना चालत नाहीत.

बोअरच्या पाण्यावर ही साफसफाई दर चार-सहा महिन्यांनी करावीच लागते.

प्रश्न : फिल व्हॉल्व्ह स्वतः बदलायचा आहे. मिस्तरी एवढ्याशा कामाला येत नाहीत. सिरॅमिकची टाकी, पाणी खालून येतं. सगळं क्रमाने सांगाल का? (एक वाचक भगिनी, भुसावळ)

ताई, तासाभराचं काम आहे. जुना व्हॉल्व्ह काढून दुकानात न्यायचा हट्ट धरू नका, तोवर घर अडून राहतं. पण तीन गोष्टी बघून जा : पाणी खालून येतं की बाजूने, टाकीची आतली उंची, आणि ओव्हरफ्लो नळी तळापासून किती उंच. आटे साधारणपणे अर्धा इंची असतात. सोबत नवा कनेक्शन पाइप घ्या. तो १२, १८, २४ इंच अशा मापांत मिळतो. जुन्याची लांबी मोजून तेवढाच घ्या, ताणलेला पाइप नटापाशी गळतो. घरात स्क्रू पाना, बादली, स्पंज किंवा जुनं सुती फडकं आणि एक वर्तमानपत्र असू द्या.

अँगल कॉक बंद करा. आमच्याकडे बरेच कॉक वर्षानुवर्षं न फिरवल्यामुळे गच्च बसलेले असतात. जोर लावून मोडण्यापेक्षा गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करणं बरं. एकदा फ्लश करून बघा, टाकीत पुन्हा पाणी येत नसेल तरच पुढे जा. बटण दाबून ठेवलं तरी तळाशी थोडं पाणी राहतंच. ते स्पंजने टिपून घ्या, नाहीतर व्हॉल्व्ह सुटताच सगळं अंगावर येतं.

खाली बादली ठेवून कनेक्शन पाइपचा नट सोडवा, मग त्याच्या वरचा मोठा चेकनट. इथे दिशा चुकते. टाकीखाली वाकून वर बघताना घड्याळाच्या काट्यांच्या जी उलटी दिशा दिसते ती सोडवायची, वरून हात घालून अंदाज केला तर माणूस नट आवळतच बसतो. दुसरा हात टाकीत घालून व्हॉल्व्ह धरा. तो फिरला तर शेजारच्या फ्लश व्हॉल्व्हवर आपटतो. नट क्षाराने धरला असेल तर लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं वीस मिनिटं गुंडाळून ठेवा. हातोडी नको. सिरॅमिकला एक ठोका पुरतो.

व्हॉल्व्ह निघाला की भोकाभोवती आतून-बाहेरून हात फिरवा. जुन्या रबराची साल, पांढरी पापडी सगळी काढा. नवं वॉशर गुळगुळीत जागेवरच धरतं. नव्या व्हॉल्व्हची उंची टाकीत बसवण्यापूर्वीच जमवा. वॉशर टाकीच्या आत, व्हॉल्व्हच्या कॉलरखाली येतं. बाहेरच्या बाजूला फक्त नट. हे उलटं बसवलेलं पुष्कळदा दिसतं आणि मग कितीही आवळलं तरी थेंब थांबत नाही. टेफ्लॉन टेप, सफेदा, एमसील इथे काहीच नको. चेकनट हाताने पुरता बसवा आणि पान्याने अर्धा फेरा, बस्स.

पाइप जोडण्याआधी त्याचं मोकळं टोक बादलीत धरून कॉक पाच सेकंद उघडा. कॉक फिरवल्यामुळे सुटलेला गंज आणि गाळ बादलीत पडेल, नव्या व्हॉल्व्हमध्ये नाही. मग पाइप जोडा, हाताने आणि वर पाव फेरा. कॉक सावकाश उघडा.

टाकी भरत असताना खाली वर्तमानपत्र पसरा. बोटाला न कळणारा थेंबही कागदावर डाग पाडतो. अर्ध्या तासाने कागद कोरडा असेल तर जोड बसले. शेवटी फ्लोटचा स्क्रू फिरवून पाणी ओव्हरफ्लोच्या काठापासून एक इंच खाली थांबेल असं करा. व्हॉल्व्हला ओव्हरफ्लोकडे जाणारी बारीक नळी असेल तर तिचं टोक काठावरच अडकवा. आत खोल खुपसलं तर तीच पाणी ओढून नेते. आणि झाकण ठेवून पुन्हा एकदा भरून बघा. फ्लोट भिंतीला किंवा टोपी झाकणाला घासत असेल तर झाकण काढल्यावर सगळं ठीक आणि ठेवलं की गळती, असा छळ सुरू होतो.

प्रश्न : टाकीच्या खाली, पाइप जिथे जोडतो तिथे थेंब पडतो. मिस्तरीने दोनदा आवळला. आता जास्तच पडतो. (चाळीसगाव)

आणखी आवळू नका. आधी सगळं कोरडं पुसा आणि टिश्यू कागदाची पट्टी आधी वरच्या नटाला, मग खालच्या नटाला लावा. वरचा ओला असेल तर टाकीच्या आतलं वॉशर गेलं. टाकी रिकामी करून तेच बदलायचं. खालचा ओला असेल तर कनेक्शन पाइपच्या नटात बसलेलं चपटं वॉशर चेंगरलंय. इथे टेप गुंडाळून फायदा नसतो, कारण पाणी आट्यांनी नव्हे, वॉशरने अडतं. टेप लागतो तो भिंतीतल्या आट्यांवर, अँगल कॉक बसवताना. दोन्ही नट कोरडे आणि तरी पाणी येत असेल तर भोकापासून निघालेली केसाएवढी चीर शोधा. ती फार आवळल्यानेच पडते. तिथे लेप टिकत नाही.

प्रश्न : घरात प्रेशर पंप आहे. रात्री कोणी नळ उघडत नाही, तरी पंप दर पाच-सात मिनिटांनी क्षणभर चालू होतो. (धुळे)

कुठेतरी थोडं थोडं पाणी जातंय आणि पंपाला दाब भरून काढावा लागतोय. सगळे नळ बंद असताना एकेका फ्लश टाकीचा अँगल कॉक बंद करत जा आणि प्रत्येक वेळी वीस मिनिटं थांबा. ज्या कॉकनंतर पंप गप्प बसतो, ती टाकी. तिथे गोळ्याचा, मोठ्या तोंडाचा व्हॉल्व्ह असेल तर दोन-तीन बारच्या दाबापुढे त्या गोळ्याचा जोर कमी पडतो. कमी दाबासाठीचा व्हॉल्व्ह जास्त दाबावर लावला की हे व्हायचंच. लहान तोंडाचा नोझल मिळाला तर तो घाला, नाहीतर पडद्याचा व्हॉल्व्ह बसवा.

प्रश्न : बैठं घर. स्लॅबवरच टाकी. महागातला नवा फिल व्हॉल्व्ह बसवला, पण टाकी भरायला पंधरा मिनिटं लागतात आणि शेवटी धार पुरती तुटत नाही. दुकानदार दुसरा द्यायला तयार आहे. घेऊ का? (यावल)

धुळ्याच्या नेमकं उलट. खोक्यावर दाब लिहिलेला असतो, तो वाचा. ‘०.५ ते १० बार’ असेल तर त्याला पाण्याची किमान ५ मीटर, म्हणजे साडेसोळा फूट उंची हवी. तुमची स्लॅब दहा फुटांवर, फ्लश टाकीचं तोंड दोन फुटांवर. वरची टाकी तळाला आली की हाती राहतात आठ फूट, म्हणजे पाव बारही नाही. पडद्याला दाबायला पाणीच पुरत नाही. त्याच जातीचा दुसरा घेतलात तर तोही असाच वागेल. वरची टाकी भरलेली असताना व्हॉल्व्ह बंद होतो आणि ती रिकामी होत आली की गळतो, असं दिसत असेल तर कारण नक्की हेच.

कमी दाबावर चालणारा, ‘०.१’ किंवा ‘०.२ बार’पासून लिहिलेला मागा, किंवा साधा गोळ्याचा मोठ्या तोंडाचा घ्या. वरची टाकी विटांच्या ओट्यावर चढवायचा विचार असेल तर हिशोब एवढाच की एका फुटाला ०.०३ बार. तीन फुटांचा ओटा बांधूनही हा व्हॉल्व्ह सुधारणार नाही. भरायला पंधरा मिनिटं लागतात त्याला आणखी एक कारण असतं, व्हॉल्व्हच्या खालच्या तोंडातली जाळी. पाणी सुटल्यावर पहिला गढूळ लोट वरच्या टाकीत गेला की तिथून गाळ याच जाळीत येतो. ती चिमट्याने काढून धुवा, पण फेकू नका.

प्रश्न : पाणी वाचवायला फ्लश टाकीत वीट ठेवावी असं ऐकलं. ठेवू का? (नंदुरबार)

वीट नको. ती पाण्यात झिजते आणि तिची भुकटी तळाच्या वॉशरखाली जाते. टाकी जुनी, दहा लिटरची असेल तर अर्ध्या लिटरची बाटली पाण्याने भरून, बूच घट्ट लावून, फ्लोटपासून दूर कोपऱ्यात ठेवा. नवी सहा-तीन लिटरची असेल तर काहीच ठेवू नका, छोटं बटण वापरा.